रग जिरवल्याने शिंगरू शांत होत नाही

घोडे वाढवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींमध्ये एक सल्ला सध्या मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा की, शिंगरू जातिवंत आणि वेगवान असेल, पण सारखे बुजत असेल, अंगाला हात लावू देत नसेल आणि वरचेवर दुखापत करून घेत असेल, तर त्याच्या अंगातली जास्तीची रग रोज दमेपर्यंत जिरवावी. उरलेला वेळ त्याला एकट्याला ठाणबंद ठेवावे, म्हणजे ते स्वतःला इजा करून घेणार नाही. चंदीत, म्हणजे धान्याच्या खुराकात, हात आखडता घेऊ नये. बुजले की तिथल्या तिथे धाक दाखवावा. आणि किरकोळ लंगडण्याचे स्तोम न माजवता पट्टी बांधून काम चालू ठेवावे, कारण अशा घोड्याच्या गुणांचे चीज पहिल्या दोन-तीन वर्षांतच होते. हा सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ज्या शिंगरासाठी तो दिला जातो, त्याच शिंगराचा बुजरेपणा आणि त्याच्याच दुखापती या सल्ल्याने वाढतात, आणि ते कसे घडते हे मुद्द्यागणिक दाखवणे मला आवश्यक वाटते.

रग जिरवण्याच्या कल्पनेमागे असे गृहीत आहे की बुजरेपणा म्हणजे साठलेली शक्ती आणि ती खर्च झाली की भीती संपते. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे बिचकणे हा धोक्याचा अंदाज असतो आणि तो अंदाज दमल्यामुळे बदलत नाही. दमलेले शिंगरू फक्त प्रतिक्रिया देण्याच्या स्थितीत नसते. शिवाय शरीराचे सगळे भाग एकाच गतीने तयार होत नाहीत. हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांत सरावते, स्नायूंना त्याहून अधिक वेळ लागतो, आणि हाडे व कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) यांना अनेक महिने लागतात. म्हणून आज वीस मिनिटांच्या काव्यात, म्हणजे दोरीवर गोल फिरवण्यात, दमणारे शिंगरू महिन्याभरात चाळीस मिनिटांनीही दमत नाही. मालक फेऱ्या वाढवत जातो आणि त्या वाढीव फेऱ्यांचा भार सर्वांत मागे राहिलेल्या हाडांवर आणि कंडरांवर पडतो. त्यातही लहान वर्तुळात गोल फिरवताना सांध्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंवर असमान दाब येतो, जो वाढत्या पायांना सरळ चालीपेक्षा कितीतरी जाचक असतो.

हाडाच्या बाबतीत एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. नवा भार पडू लागला की जुने हाड आधी काढून टाकले जाते आणि नवे हाड त्यानंतर घडते व टणक होते. परिणामी, काम सुरू झाल्यानंतर साधारण दोन महिन्यांच्या सुमारास, म्हणजे शिंगरू बाहेरून छान तयार झालेले दिसते नेमक्या त्या वेळी, त्याचे हाड आतून काहीसे विरळ झालेले असू शकते. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वरच्या बाजूची वाढीची चकती, म्हणजे हाड जिथून वाढते तो कोवळा थर, दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास मिटते, तर पाठीच्या कण्यातल्या शेवटच्या चकत्या मिटायला पाच वर्षे किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो.

याचा अर्थ शिंगराला चार वर्षांचे होईपर्यंत नुसते उभे ठेवावे, असा मात्र मुळीच नाही. कोवळ्या हाडाला भार लागतोच, आणि मूळ सल्ल्यात खरे एवढेच आहे. दोन वर्षांच्या शर्यतीच्या घोड्यांमध्ये नळीच्या हाडाच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) पुढच्या अंगाला जी दुखरी सूज येते, तिचा अभ्यास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेव्हिड नुनामेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. लांब पल्ल्याच्या संथ दौडीने हाड वेगासाठी तयार होत नाही आणि थोड्या अंतराच्या, हळूहळू वाढवलेल्या वेगवान कामाने ते होते, असे त्यातून पुढे आले. पक्ष्यांच्या हाडांवरील प्रयोगांत तर रोज ३६ वेळा भार दिल्यावर जेवढे हाड वाढले, तेवढेच शेकडो वेळा भार दिल्यावरही वाढले. तेव्हा हाडासाठी थोडे आणि नेमके काम पुरते. दमेपर्यंतच्या कामाने हाडाला अधिक काही मिळत नाही, झीज मात्र होते.

ठाणबंद ठेवण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो काळजीपोटी पाळला जातो. नेदरलँड्समध्ये शिंगरांचे तीन गट करून त्यांना पहिले पाच महिने वेगवेगळ्या प्रकारे वाढवण्यात आले. एक गट कुरणात मोकळा होता, दुसरा कायम बंद जागेत होता, आणि तिसरा बंद जागेत ठेवून रोज थोडा वेळ वेगाने पळवला जात होता. कूर्चा, हाड आणि कंडरा या सर्वांचा विकास एकंदरीत कुरणातल्या गटात चांगला झाला. बंद ठेवलेल्यांचा मागे पडला, आणि बंद ठेवून पळवलेल्यांमध्ये पुढे जाऊन हानीची चिन्हे दिसली. बंद ठेवा आणि रग जिरवा हा जो जोडसल्ला दिला जातो, तो बव्हंशी हा तिसरा गटच आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठातील अभ्यासांतही कुरणातून ठाणात आणलेल्या वर्षभराच्या घोड्यांच्या नळीच्या हाडातील खनिजांचे प्रमाण घटलेले आढळले.

एकटेपणाचा परिणाम स्वभावावरही होतो. घोड्याला रोज थोडी तरी गाढ, स्वप्नांची झोप लागते आणि ती फक्त आडवे पडूनच मिळते. पहारा देणारा दुसरा घोडा नजरेसमोर नसेल तर बुजरे शिंगरू आडवे पडायला धजत नाही, आणि झोप नीट न झालेले शिंगरू दुसऱ्या दिवशी अधिकच बिचकते. ब्रिटनमध्ये शिंगरांच्या वाढीचा चार वर्षे पाठपुरावा करणाऱ्या एका अभ्यासात असे आढळले की, दूध तोडताना बंद जागेत ठेवलेल्या आणि त्यानंतर खुराकावर वाढवलेल्या शिंगरांमध्ये गव्हाणीची फळी दातांत धरण्यासारख्या खोडी जडण्याचा धोका अधिक होता. या खोडी स्वभावात जन्मतः असतात असे आपण समजतो, पण पुष्कळदा त्या आपणच लावलेल्या असतात.

मोकळे सोडले की हमखास लागते, हा आक्षेप मला मान्य आहे, पण ते केव्हा लागते हे पाहिले पाहिजे. आठवडेच्या आठवडे बांधलेले शिंगरू एकदम मोठ्या मैदानात सोडले, अनोळखी घोड्यांमध्ये सोडले किंवा तारेच्या कुंपणाशी सोडले, तर ते लावून घेणारच. आधी हाताने चालवणे, मग एका लहान, स्पष्ट दिसणाऱ्या कुंपणाच्या जागेत एका शांत, पोक्त घोड्याबरोबर थोडा वेळ सोडणे, जाण्यापूर्वी पोटात गवत असणे आणि बाहेरही समोर गवत असणे, या क्रमाने गेले तर बहुतेक शिंगरे काही दिवसांत धावण्याऐवजी चरू लागतात. वयस्क, समजूतदार सोबती हा यातला सर्वांत मोलाचा घटक आहे आणि त्याच्यावर खर्च करायला लोक सर्वांत कमी तयार असतात, याचे मला वाईट वाटते.

चंदीचा मुद्दा स्वभावाशी जितका निगडित आहे तितकाच हाडांशीही आहे. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड स्रवत असते, पण त्याला शमवणारी लाळ फक्त चघळतानाच सुटते. वैरण कमी आणि चंदी जास्त झाली की जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागात व्रण होतात. कामात असलेल्या शर्यतीच्या घोड्यांमध्ये ते बहुसंख्यांना असतात. तंग (खोगिराचा पट्टा) आवळताना चावायला येणे, खरारा करू न देणे, खुराक अर्धवट टाकणे या ज्या गोष्टी तापटपणाच्या नावावर खपतात, त्यांमागे कित्येकदा हे दुखणे असते. चारशे किलोच्या शिंगराला दिवसाला किमान सहा किलो कोरडी वैरण लागते, आणि एका वेळच्या खुराकातील पिष्ट (स्टार्च) ४०० ग्रॅमच्या आत, म्हणजे ओट सुमारे एक किलोपर्यंत ठेवणे सुरक्षित मानले जाते. धान्यात आणि विशेषतः कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असते, तर वाढत्या हाडाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त, शक्यतो दीडपट ते दुप्पट लागते. त्यामुळे हाडे मजबूत व्हावीत म्हणून नुसती चंदी वाढवणारा मालक उलट दिशेने जात असतो. कामापूर्वी थोडे गवत खाऊ घालणे मात्र हिताचे, कारण रिकाम्या पोटी धावताना आम्ल वर उसळते.

धाक दाखवण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बुजण्याच्या क्षणी बसलेला मार घोडा ज्या वस्तूला बुजला तिच्याशी जोडतो आणि पुढच्या वेळी ती वस्तू त्याला अधिक भयंकर वाटते. घोडा शिकतो तो दाब सुटण्याच्या क्षणातून, म्हणून योग्य प्रतिसाद मिळताच लगाम ढिला होणे महत्त्वाचे असते. मात्र शिक्षणाच्या आधी दुखणे तपासले पाहिजे. घोड्यांच्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वाराखाली असलेल्या घोड्याच्या २४ वर्तनांची यादी तयार केली आहे आणि त्यांपैकी आठ किंवा अधिक दिसली तर वेदनेची दाट शक्यता धरली जाते. दात, पाठ, खोगीर आणि नाल पाहिल्याशिवाय घोड्याला अडेल म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि तापट घोड्याला धाकाशिवाय आवरता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी ब्रिटनमधला शर्यतीचा घोडा फ्रँकेल आठवावा. तरुणपणी तो लगाम खेचत सुटत असे. २०११ च्या टू थाउजंड गिनीज शर्यतीत तो पहिल्यापासूनच सुसाट पुढे गेला आणि घोड्याच्या सहा लांबींनी जिंकला. त्याचे प्रशिक्षक हेन्री सेसिल आणि रोज त्याच्यावर स्वार होणारे शेन फेदरस्टनहॉ यांनी त्याला संयमाने सावरायला शिकवले, आणि २०१२ मध्ये यॉर्कला सव्वा मैलाहून लांब शर्यतीत तो शांतपणे मागे राहून नंतर सात लांबींनी जिंकला. तो १४ शर्यती धावला आणि एकही हरला नाही.

पट्टी बांधून काम चालू ठेवण्याच्या सल्ल्याला मात्र कठोर शब्दांतच उत्तर द्यावे लागते. पुढच्या पायाच्या मागच्या बाजूची वरवरची कंडरा भरधाव धावताना तिच्या ताणाच्या मर्यादेजवळच काम करत असते आणि तिच्या गाभ्याचे तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढते. ती पूर्ण फाटण्याआधी बहुधा सूचना मिळते, पण ती सूचना म्हणजे फक्त थोडी ऊब, बोटाला जाणवणारी किंचित जाडी किंवा दाबल्यावर पाय आखडून घेणे एवढीच असते. पट्टीमुळे ती सूज झाकली जाते, वेदनाशामकामुळे लंगडणे झाकले जाते, आणि फेनिलब्युटाझोनसारखे औषध जठरातील व्रणही वाढवते. एकदा तुटलेली कंडरा वणाच्या ऊतीने भरून येते. त्याला नऊ महिने ते वर्ष किंवा जास्तही लागते आणि मूळची लवचीकता पूर्णपणे परत येत नाही. रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी, पट्ट्या काढून, चारही पाय उघड्या हातांनी चाचपणे आणि शंका आल्यास त्या दिवशी काम थांबवून पशुवैद्याकडून अल्ट्रासाउंड करून घेणे, याला पर्याय नाही. एका पायाची गंभीर इजा दुसऱ्या पायाचाही घात करू शकते: बार्बरो या डर्बीविजेत्या घोड्याचा मागचा उजवा पाय २००६ मध्ये शर्यतीत मोडला, पण जानेवारी २००७ मध्ये त्याला मरण द्यावे लागले ते भार पडलेल्या इतर पायांत झालेल्या खुरदाहामुळे.

राहिला गुणांचे चीज लवकर होण्याचा मुद्दा. सपाट शर्यतीपुरते ते काही प्रमाणात खरे आहे, पण तो सर्व घोड्यांचा नियम नव्हे. आठ वर्षांखालील घोड्याला ऑलिंपिकमध्ये प्रवेशच मिळत नाही. ब्रिटनचे घोडेस्वार निक स्केल्टन यांचा घोडा बिग स्टार २०१२ मध्ये सांघिक सुवर्ण जिंकल्यानंतर दुखापतीमुळे दीर्घकाळ स्पर्धांबाहेर राहिला, आणि २०१६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याने उड्यांच्या स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण मिळवले.

ज्यांनी हा सल्ला आधीच अमलात आणला आहे, त्यांनी सगळे एका दिवसात उलटवू नये. प्रथम पशुवैद्याकडून पाय, पाठ, दात आणि पोट तपासून घ्यावे. चंदी दहा-पंधरा दिवसांत टप्प्याटप्प्याने कमी करून तिच्या जागी वैरण वाढवावी. शेजारच्या ठाणात, एकमेकांना हुंगता येईल अशा अंतरावर, एक शांत घोडा आणावा, आणि त्याची ओळख पक्की झाल्यावरच दोघांना लहान कुंपणात सोडावे. काम पुन्हा सुरू करताना पहिले काही आठवडे सरळ वाटेने केवळ चालवावे. दुडकी त्यानंतर, आणि दौड पाय पुन्हा तपासून झाल्यावर.