तांब्यातला माणूस

पितळी तांब्याचा फोटो काढायला काय लागतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी घरचा तांब्या टेबलावर ठेवावा आणि फोनचं बटण दाबावं. फोटोत तांब्या सोडून सगळं येतं. खिडकी, ट्यूबलाइट, पंख्याची तीन पाती, गॅलरीत वाळत घातलेला गाउन आणि बरोबर मधोमध, पोट सुटलेला, कोपरं बाहेर काढून वाकलेला एक इसम. तो इसम म्हणजे मी. वीस फोटो काढले तर विसांत तोच.

तांब्याचा यात काही दोष नाही. पितळ हा आरसा आणि तांब्याचं पोट फुगीर, म्हणजे आरसाही बहिर्वक्र. सपाट आरशापुढून बाजूला सरकता येतं. गोल पोटावर मात्र कुठली ना कुठली जागा थेट कॅमेऱ्याकडे तोंड करून असतेच. तांब्या कितीही फिरवा, ती समोरच. तेव्हा तांब्याचा फोटो काढायचा म्हणजे तांब्याला जी खोली दिसते ती आधी आवरायची.

इथे हमखास कुणीतरी 'पोलरायझर लाव की' म्हणतं. काचेवरची, वार्निशवरची, चिनी मातीच्या बरणीवरची चमक पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा फिल्टर, योग्य कोनात मारतो. उघड्या धातूची नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश फारसा ध्रुवित होतच नाही, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावत नाहीत. महागाचा फिल्टर गोल गोल फिरवत बसायचं आणि तांब्यातल्या इसमानंही तेच करायचं.

पण सगळ्यात मोठा अपघात कॅमेरा बाहेर येण्याआधीच होतो. फोटो काढायचा म्हटल्यावर घरातलं कुणीतरी प्रेमानं तांब्या चिंच-मिठानं लख्ख करून आणतं. पन्नास-साठ वर्षांत चढलेला तो तपकिरी, मधासारखा रंग दहा मिनिटांत मोरीतून वाहून जातो. वर आंबट नीट धुतलं गेलं नाही तर ते पितळेतलं जस्त खातं आणि तांबूस-गुलाबी डाग उमटतात. ते मग कशानं जात नाहीत. मऊ धोतराच्या कोरड्या तुकड्यानं पुसावं, बस्स. हातमोजे घालावेत, तेही सुती नव्हे, नायट्रिलचे; सुती मोज्यातून गुळगुळीत तांब्या निसटतो आणि पोचा येतो. उघड्या बोटांचा घाम काही दिवसांनी ठसा होऊन उमटतो. हे सगळं समजावून सांगितलं की उत्तर येतं, "मग घाणेरडाच ठेवायचा का?" १९७२ च्या केंद्रीय कायद्याच्या लेखी असली वस्तू १०० वर्षांची झाल्याशिवाय पुरावशेष ठरत नाही, हे या वेळी बोलू नये. उरलासुरला आदरही जातो.

आता मांडणी. उत्तरेची खिडकी उत्तम, कारण तिच्यातून बहुतेक दिवस थेट ऊन येत नाही. खिडकी आणि टेबल यांच्यामध्ये, तांब्यापासून दीड-दोन फुटांवर ट्रेसिंग पेपर ताणून लावायचा. समोरच्या बाजूला थर्माकोलची शीट. एवढ्यानं पितळेवर रुंद, मऊ उजेडाचा पट्टा येतो आणि माणूस हुरळून चारही बाजूंनी पांढरं लावतो. तिथेच फसतो: तांब्या प्लास्टिकचा दिसू लागतो. धातू धातू वाटायला त्यात काळंही दिसावं लागतं. म्हणून चौकटीच्या जरा बाहेर, दोन्ही कडांना काळ्या कार्डशीटच्या तीन बोटं रुंद पट्ट्या उभ्या करायच्या; तांब्याची कड एकदम कोरल्यासारखी उठते. कॅमेऱ्यापुढेही काळं कार्ड, मधे लेन्सपुरतं भोक. अंगात काळा शर्ट. "अहो, आज संक्रांत आहे का?" हा प्रश्न ऐकू आला नाही असं दाखवायचं. एवढं करूनही भोकाचा ठिपका मधे उरतोच. त्याच्यापुढे विड्याचं पान उभं करायचं. बघणाऱ्याला ती कलात्मक योजना वाटते.

ट्यूबलाइट, बल्ब सगळं बंद. केल्व्हिन हा उजेडाच्या रंगाचा आकडा, मोठा म्हणजे निळसर. उत्तरेच्या खिडकीचा उजेड ५५०० केल्व्हिनच्या वरचा, पिवळा बल्ब २७०० चा; दोन्ही चालू ठेवले तर अर्धा तांब्या निळा आणि अर्धा हळद लागल्यासारखा.

फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. ती घेऊन जवळ गेलात की तांब्याचं तोंड परातीएवढं आणि बूड वाटीएवढं. दोन-तीनपट झूम करून मागे सरकावं. मोठा कॅमेरा असेल तर १०० मिलिमीटरची लेन्स पाच फुटांवरून. एफ हा लेन्सच्या भोकाचा आकडा; तो मोठा तर भोक लहान. फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरवर, एफ २.८ ला जेमतेम ४ सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, एफ ११ ला १५ च्या आसपास, म्हणजे एक तांब्या. लोभानं एफ २२ ला गेलात तर विवर्तनानं, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरल्यानं, सगळंच थोडं मऊ पडतं. आयएसओ १०० वर, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता कमी ठेवल्यावर, शटर सेकंदभर उघडं राहतं, म्हणून तिकाटणं (ट्रायपॉड) आणि दोन सेकंदांचा टायमर. नेमक्या त्या सेकंदाला स्वयंपाकघरात मिक्सर सुरू होतो. मागे काळं कापड असेल तर एक्स्पोजर एक स्टॉपनं, म्हणजे निम्म्यानं, कमी करावं. नाहीतर कॅमेरा काळ्याचं राखाडी करतो आणि पितळेचं चांदणं. काळं मखमली कापड तर घेऊच नये. घरातली झाडून सगळी धूळ तिथे बैठकीला येते.

अडकित्ता हा स्वतंत्र छळ. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहून आलेल्या माणसाला तो उघडा, चोच वासलेला हवा असतो आणि अडकित्ता तसा उभा राहत नाही. मागे कणकेचा गोळा लावण्याची युक्ती सुचते. कणकेचा ओलावा लोखंडाला गंज देतो आणि तासाभरात मुंग्या येतात. मेण वापरावं.

तांब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव समोरच्या उजेडात दिसतच नाही. उजेड बाजूनं, पृष्ठभागाला घासून, दहा-पंधरा अंशांत आला की अक्षरं उठतात, सोबत सगळे पोचेही. पण नाव यायलाच हवं. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक, हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४४ साली फळीवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचा फोटो छापला, तेव्हाच लिहून ठेवलं होतं की उद्या ही भांडी चोरीला गेली तर हे चित्र कोर्टात नव्या प्रकारचा पुरावा ठरेल.

एवढ्यासाठीच सांगतो, तयार झालेला फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नये. कुणी उजेडाबद्दल बोलत नाही, काळ्या पट्ट्यांबद्दल तर नाहीच. नागपूरची आत्या चित्र बोटांनी मोठं करते, कोरलेलं नाव वाचते आणि विचारते, "हा माझ्या लग्नातला तांब्या तुमच्याकडे कसा रे?"