मुख जागेवर आहे, पण जाडी?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. हिमनद्यांच्या माघारीवरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. उपग्रहचित्राच्या तीस मीटरच्या पिक्सेलमधून (म्हणजे ज्या चित्राचा एक ठिपका जमिनीवर तीस मीटरचा चौकोन असतो) वर्षाला वीस मीटरची माघार दिसूच शकत नाही, हा पहिला. इस्रोच्या शास्त्रज्ञांनाच हिमालयातल्या बहुतेक हिमनद्या स्थिर आढळल्या आणि मी ते लिहिलं नाही, हा दुसरा. शेजारी शेजारी लावलेली माझी दोन उपग्रहचित्रं वेगवेगळ्या महिन्यांतली आहेत, हा तिसरा.

तिसरा आधी घेतो, कारण तो पूर्णपणे बरोबर आहे. जुनं चित्र मे महिन्यातलं होतं, नवं सप्टेंबरअखेरचं. मे महिन्यात उतारांवर हिवाळ्यात पडलेलं हिम शिल्लक असतं. हिम ओळखायचा नेहमीचा निर्देशांक हिरवा प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारा लघुतरंग अवरक्त प्रकाश यांची तुलना करतो. हिम अवरक्तात काळं पडतं, ढग बहुधा उजळच राहतात, म्हणून ढग वेगळे काढता येतात. पण हंगामी हिम कुठे संपलं आणि हिमनदीचा बर्फ कुठे सुरू झाला, हे त्यावरून नीट कळत नाही. म्हणूनच पावसाळी ढग हटल्यावर आणि नवं हिम पडण्याआधी जे थोडे दिवस मिळतात, तेवढेच कामाचे. हे मला माहीत होतं, तरी चित्र निवडताना मी काळजी घेतली नाही. त्या जोडीतून माघार आहे त्यापेक्षा मोठी दिसत होती.

पिक्सेलबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेच्या चित्रांचा पिक्सेल ३० मीटरचा. दोन चित्रांतल्या सीमांची अनिश्चितता एकत्र केली (साधी बेरीज नाही, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) तर साधारण ४२ मीटर होते, शिवाय चित्रं एकमेकांवर बसवतानाची चूक वेगळी. एका वर्षाची वीस मीटर माघार त्यात बुडून जाते. पण ही चूक वर्षागणिक वाढत नाही, माघार वाढत जाते. याच वेगाने तीस वर्षांत ६०० मीटर, म्हणजे वीस पिक्सेल. लँडसॅट-५ १९८४ मध्ये अवकाशात गेला आणि २००८ पासून लँडसॅटचा संग्रह सगळ्यांना मोफत खुला आहे, त्यामुळे एवढा मोठा काळ हाताशी आहे.

आता खरा मुद्दा, इस्रोच्या अभ्यासाचा. तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत: एकूण २०१८ हिमनद्या तपासल्या, त्यांतल्या १७५२ स्थिर, २४८ मागे गेलेल्या, १८ पुढे आलेल्या. लेखात हे यायलाच हवं होतं. पण त्या अभ्यासात मोजलं काय होतं? मुखाची, म्हणजे हिमनदीच्या खालच्या टोकाची जागा, आणि तीही २००१ ते २०११ या सुमारे दहा वर्षांतली.

उंची मोजून माणूस वाळला की नाही हे कळत नाही. हिमनदीचंही तसंच आहे. हिमालयातल्या अनेक हिमनद्यांचा खालचा भाग दगडगोट्यांनी झाकलेला असतो. हा थर पातळ असेल तर ऊन शोषून बर्फ जास्त वितळवतो, जाड असेल तर गोधडीसारखा त्याला जपतो. म्हणून मुख वर्षानुवर्षं तिथेच राहतं आणि त्याच्या वरच्या अंगाला, उघड्या बर्फाच्या कड्यांवर आणि डबक्यांच्या काठाला, हिमनदी झिजत जाते. त्यात उपग्रहाला ते दगड आणि शेजारचा डोंगर सारखेच दिसतात, त्यामुळे मुखाची रेघ ओढणंही सोपं नसतं.

म्हणून जाडीतला बदल पाहावा लागतो. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातल्या रडारने अकरा दिवसांत जगाच्या बऱ्याच भागाचा उंचीचा नकाशा तयार केला. नंतरच्या उपग्रहांनी दोन कोनांतून घेतलेल्या दुहेरी चित्रांवरून काढलेल्या उंचीतून तो वजा करायचा. हे मी स्वतः करून पाहिलं तेव्हा पहिली नजर हिमनदीवर नाही, शेजारच्या कातळावर टाकली. कातळ तर हललेला नसणार. पण एका बाजूच्या उतारावर तो कित्येक मीटर वर गेलेला दिसत होता, समोरच्या उतारावर तेवढाच खाली. याचा अर्थ दोन नकाशे एकमेकांवर थोडे सरकून बसले होते. ते जुळवल्यावर कातळावरचा फरक शून्याजवळ आला आणि दरीत फक्त हिमनदीची जीभ लाल, म्हणजे खाली गेलेली उरली, मुखापासून वरपर्यंत. मुख मात्र जवळपास जागच्या जागी होतं! (रडारची लहर कोरड्या हिमात काही मीटर आत शिरते. त्याची दुरुस्ती केल्याशिवाय हा आकडा कुणी वापरू नये.)

हेच काम मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. हेक्सागॉन या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची जुनी छायाचित्रं वापरून २०१९ मध्ये हिमालयातल्या ६५० हिमनद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७५ ते २००० या काळात दर वर्षी सरासरी सुमारे २२ सेंटीमीटर पाण्याइतका बर्फ कमी होत होता. २००० ते २०१६ मध्ये तो सुमारे ४३ सेंटीमीटर झाला.

काराकोरममध्ये चित्र वेगळं आहे. तिथल्या बऱ्याच हिमनद्या या शतकाच्या सुरुवातीला जवळपास समतोलात होत्या, काही तर एकाएकी पुढेही सरकतात. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, या आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) २००७ च्या अहवालातल्या विधानाची तुम्ही आठवण दिलीत, तीही रास्त आहे. ते विधान २०१० मध्ये मागे घ्यावं लागलं आणि त्यामुळे खऱ्या मोजमापांवरचाही अनेकांचा विश्वास उडाला. माझ्या मे महिन्याच्या चित्राने तेच नुकसान केलं असतं.

ते चित्र आज काढून टाकलं आहे. त्याजागी सप्टेंबरअखेरची जोडी लावली आहे, खाली तारखांसह, आणि इस्रोच्या अभ्यासातले आकडे लेखात घातले आहेत.