वाचनालयाची सूची संगणकावर कशी न्यावी

वाचनालयाच्या कार्यकारिणीवर निवडून आलात? अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे सूची 'ऑनलाइन' करणं. पेपरात फोटो येतो आणि पुस्तकं वाचावी लागत नाहीत. पद्धत मी सांगतो, कारण आमच्या बडोद्यातल्या एका जुन्या वाचनालयात (नाव नको, अजून वर्गणी भरतोय) परवाच तिचा प्रसाद मिळाला.

आधी ग्रंथपाल निवृत्त होऊ द्यावा. जागा भरू नये.

मग नोंदीमागे इतके पैसे, असं कंत्राट द्यावं. कंत्राटदाराच्या पोरांना मराठी येत नसेल तर उत्तमच, ती मध्येच वाचत बसत नाहीत.

जुन्या फॉन्टातल्या नोंदी आहेत तशा युनिकोडमध्ये ओताव्यात. जे उमटेल त्याला नवकविता म्हणावं.

लेखकाच्या नावाची फिकीर तर मुळीच करू नये. मला हवा होता माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश. जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, जन्म १८९४, आपल्या बडोद्यातलाच. कविता टोपणनावानं लिहिल्या, १९२५चा कोश खऱ्या नावानं. संगणकात 'जूलियन' टाकलं, कवितासंग्रह आले. 'ज्युलियन' टाकलं तर भलतेच आले. 'पटवर्धन' टाकल्यावर महाराष्ट्रातले झाडून सगळे पटवर्धन हजर! त्यात 'माधव त्र्यंबक' वेगळे, 'त्रिंबक' वेगळे, 'मा. त्र्यं.' आणखी वेगळे, आणि एक जूलियन रोमन लिपीत, परदेशी लेखकांच्या रांगेत. कोश कुठेच नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, सिस्टममध्ये नाही म्हणजे पुस्तक नाही." त्याच्या मागच्या काचेच्या कपाटात तो मला दिसत होता हो!

तिकडे आरती प्रभूंची 'लेखिका' म्हणून नोंद, आणि हे ज्यांचं टोपणनाव त्या चिं. त्र्यं. खानोलकरांचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

पूर्वी लाकडी खणात एक साधं कार्ड असायचं : 'जूलियन, माधव. पहा : पटवर्धन, माधव त्र्यंबक.' एका लेखकाचं एकच नाव प्रमाण मानायचं आणि बाकीची सगळी त्याच्याकडे वळवायची. ऑथॉरिटी कंट्रोल म्हणतात तो एवढाच. अमुक लेखकाचं आपल्याकडे काय काय आहे ते सूचीनं दाखवावं, हे चार्ल्स कटर नावाचा अमेरिकन ग्रंथपाल १८७६ साली सांगून गेला. १९६०च्या दशकात हेन्रिएट ॲव्हरमबाईंनी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मार्क बसवलं, म्हणजे सूचीतली नोंद संगणकाला वाचता येईल अशी मांडायचा साचा. आजच्या मार्कमध्ये व्यक्तिनामाच्या प्रमाण नोंदीत स्वीकारलेलं नाव १०० क्रमांकाच्या रकान्यात आणि बाकीची ४०० मध्ये जातात. कोहासारखी फुकट मिळणारी वाचनालयाची संगणक प्रणाली हे सगळं सांभाळते. पण जूलियन म्हणजेच पटवर्धन, हे तिला मराठी जाणणाऱ्या माणसानं एकदा सांगावं लागतं. एकदाच!

तेव्हा सल्ला असा की सांगू नये, आणि कार्डं भंगारात घालावीत.

छे, पुरे झाला सल्ला. अहो, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून आणलं. देशातला पहिला ग्रंथपालांचा वर्ग १९११ मध्ये या गावात भरला. त्याच गावात तुम्ही ग्रंथपालाची खुर्ची रिकामी ठेवून शाल-श्रीफळावर खर्च करता? दांडिया बाजारात, रावपुऱ्यात मराठीचे निवृत्त मास्तर घरी बसून आहेत, चहावर येऊन नावं जुळवून देतील. विचारलंत एकाला तरी? नोंदी किती झाल्या ते फलकावर लावलंत. त्यातल्या किती सापडतात, ते कोण बघणार? कंत्राटदार?

कार्डांची पोती जिन्याखाली पडली आहेत, मी पाहिली. भंगारवाला यायच्या आत 'पहा' लिहिलेली तेवढी वेगळी काढा. जमत नसेल तर किल्ली द्या आणि बाजूला व्हा, आम्ही काढतो.