खुलासा: मांजरीच्या पिल्लाला गाईचं दूध नको

‘सापडलेल्या पिल्लाला लगेच गाईचं दूध पाणी घालून, उताणं धरून पाजा’ हा मेसेज फिरतोय. हेतू चांगला, पण सल्ला जिवावर बेतणारा. गाईच्या दुधात प्रथिनं मांजरीच्या दुधापेक्षा निम्म्याहून कमी. पाणी घातलं की आणखीच घटतात. वर जुलाब लागतात, आणि एवढासा जीव बघता बघता सुकतो. उताणं पाजल्यास दूध फुप्फुसात जातं.

आधी ऊब द्या. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. मग पेट शॉपमधली किटन मिल्क रिप्लेसर पावडर (मांजरीच्या दुधाऐवजी पिल्लांना द्यायची पावडर) डब्यावरच्या मापानं कालवून, पिल्लू पालथं ठेवून पाजा. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दर वेळी पाजून झाल्यावर ओल्या कापसानं शेपटीखाली हलकेच पुसा, नाहीतर शी-शू होत नाही (मेसेजमध्ये हे नाहीच!). वजन रोज साधारण 10 ग्रॅम वाढायला हवं. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आला असेल त्या ग्रुपवर हे टाका.