‘दोन वर्षांत नुसता सांगाडाच?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मारुती ८०० चं इंजिन आणि पाइपाचा सांगाडा जोडून माळावर फिरवायची गाडी मी घरी बनवतोय, तिच्यावरची तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली आणि सोमवारी ऑफिसात दिवसभर डोक्यात घोळत राहिली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचे आक्षेप तीन. एवढ्या वेळात आणि पैशात जुनी जीप आली असती. ही गाडी बेकायदा आहे. आणि फोटोतलं वेल्डिंग म्हणजे ‘चिखल थापलाय’.

चिखलापासून सुरुवात करतो, कारण तिथं तुमचं बरोबर निघालं.

मारुती ८०० चं इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं ओढतं. तो अख्खा संच मी तोंड न फिरवता तसाच मागे नेलाय. (उलटा बसवला असता तर चार गिअर मागे जायला आणि एक पुढे जायला!) पण ती मुळात वळणारी चाकं. आता मागे आल्यावर त्यांचे स्टिअरिंगचे दांडे सांगाड्याला पक्के जखडायचे, नाहीतर चाकं आपल्या मर्जीने वळणार. तुम्ही नावं ठेवलीत तो जोड नेमका डाव्या दांड्याचा.

मग पुढच्या शनिवारी ग्राइंडरने तो आडवा कापला. वरून शिवण बरी दिसत होती. आत पाइपाची कड जशीच्या तशी! धातू वितळून एकजीव झालाच नव्हता, नुसता वर बसला होता. पाइपाचं तोंड दुसऱ्याच्या गोलाईवर नीट बसलं नव्हतं. राहिलेली फट मी रॉडने बुजवली होती. वर भोक पडेल या भीतीने अडीच मिलिमीटरचा वेल्डिंग रॉड साठ अँपिअरवर चालवलेला. पाइप चांगला तीन मिलिमीटर जाडीचा आहे, तो कसला जळतोय.

मग कागदाची पट्टी गुंडाळून आकार काढला, कानशीने घासत बसलो, पाइप जागेवर धरून ठेवायला समोरासमोर वेल्डिंगचे चार छोटे टाके मारले. आधी भंगारातल्या तुकड्यांवर तीन नमुने कापून बघितले, मगच गाडीला हात लावला. पंच्याऐंशी अँपिअरवर शिवण नीट आत उतरली. रविवार संपला. असे अकरा जोड अजून तपासायचेत, म्हणजे या आठवड्याची प्रगती उणेच धरा.

पाइपाबद्दल मात्र ऐकून घेणार नाही. इंजिनिअरिंगची पोरं खडबडीत रस्त्यांवरच्या गाड्या स्वतः बनवून पळवतात त्या बाहा स्पर्धेच्या नियमातलं माप धरलंय: बाहेरून २५ मिलिमीटर, जाडी ३, कार्बन किमान ०.१८ टक्के. खुर्च्या-टेबलांचा पाइप नाही तो.

कायद्याचं थोडक्यात. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला माहीत आहे, सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकालही. गाडी रस्त्यावर उतरणारच नाही. ट्रॉलीत घालून आमच्या माळावर न्यायची आणि तिथंच फिरवायची. मूळ मारुतीची नोंदणी रद्द झाल्यावरच ती मी घेतली.

आणि जीप? आली असती की. आत्तापर्यंत ८४ हजार गेलेत, घरी साठच सांगितलेत. पण जीप घेऊन शनिवारी सकाळी मी काय करू? तिला पुसत बसू? वेळेचं म्हणाल तर शेजारच्या आजी एक ते चार झोपतात, तेव्हा ग्राइंडर बंद. दोन दिवसांत हातात सहा तास येतात.

तुमचा हात वेल्डिंगवर बसलेला दिसतोय, म्हणून विचारतो. उजव्या दांड्याचा जोड उभ्या शिवणीने मारावा लागणार आहे. मी खालून वर जायचं म्हणतोय, पण धातू ओघळतो. करंट किती ठेवू?