दोन गुणांनी जिंकल्यावर नाराज कसं व्हावं

नोकरीपायी, शिक्षणापायी नाहीतर मुलीच्या बाळंतपणाला म्हणून तुम्ही केंटकीतल्या लेक्सिंग्टनला येऊन पोचला असाल, तर बाकीचं सगळं जमून जाईल. कढीपत्ता कुठे मिळतो, बर्फात गाडी कशी हाकायची, हे सांगायला आधी आलेली मराठी मंडळी आहेतच. पण युनिव्हर्सिटी ऑफ केंटकीची बास्केटबॉल टीम रात्री दोन गुणांनी जिंकली, तर सकाळी ऑफिसात कोणतं तोंड घेऊन जायचं, हे कुणी सांगत नाही. नवखा माणूस हसत हसत कॉफीच्या मशिनपाशी जातो आणि म्हणतो, "काय मस्त मॅच झाली काल!" निळ्या टी-शर्टातले चौघे एकमेकांकडे बघतात, कप उचलतात आणि निघून जातात. पुढे सहा महिने त्याला कुणी जेवायला बोलवत नाही.

तेव्हा आधी हिशेब शिकून घ्या. आपण वीस गुणांनी जिंकायला हवं होतं. जिंकलो दोनने. म्हणजे अठराने हरलो. एवढं गणित पक्कं झालं की निम्मं काम झालं.

वीसच का, असं विचारू नका. या राज्यात व्यावसायिक बास्केटबॉलची, म्हणजे एनबीएची, टीम नाही, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलची नाही, बेसबॉलच्या बड्या लीगचीही नाही. जे काही आहे ते हे एक कॉलेज, आणि त्याच्या नावावर आठ राष्ट्रीय विजेतेपदं. रप अरीनात वीस हजारांवर माणूस बसतो, आणि गाव सगळं मिळून सव्वातीन लाखांचं. ज्यांच्या नावाने ते स्टेडियम आहे, त्या अडॉल्फ रप यांनी १९३० ते १९७२ अशी बेचाळीस वर्षं कोचिंग केलं आणि ८७६ सामने जिंकले. आता त्यातले किती निसटते होते हे कुणाला आठवत नाही, आणि तुम्हीही काढू नका. जुने विजय सगळे दणदणीतच असतात.

तुम्ही मराठी आहात ही यात मोठीच जमेची बाजू. लग्नात अकरा जिलब्या रिचवून हात धुताना "मठ्ठ्यात मीठ जरा पुढे होतं" म्हणणारा माणूस प्रत्येक घरात असतो. लेक्सिंग्टनला त्याला कसलंही प्रशिक्षण लागणार नाही.

या विद्येचा सुवर्णकाळ म्हणजे २०१४-१५ चा सीझन. त्याचा नीट अभ्यास करा. कोच जॉन कॅलिपारी यांच्याकडे तेव्हा इतके नावाजलेले खेळाडू होते की त्यांनी पाच-पाच जणांच्या दोन फळ्या केल्या होत्या. पहिली दमली की दुसरी आत. डेव्हिन बुकर, जो पुढे एनबीएत एकाच सामन्यात सत्तर गुण करणार होता, तो या टीममध्ये बाकावरून उठून खेळायला यायचा. ही टीम लागोपाठ ३८ सामने जिंकली. आता तुम्ही म्हणाल, अशा वर्षी नाराज व्हायला जागा कुठे? इथेच कच्चा चाहता उघडा पडतो. जानेवारीत घरच्या मैदानावर ओल मिस नावाच्या कॉलेजविरुद्ध ओव्हरटाइम, म्हणजे बरोबरीमुळे जादा वेळ, लागला, ८९-८६. त्याच आठवड्यात टेक्सस ए अँड एमकडे जाऊन दोन ओव्हरटाइम, ७०-६४. फेब्रुवारीत एलएसयूकडे ७१-६९. म्हणजे तीन वेळा देवाने स्वतः होऊन ताट वाढून दिलं. रात्रीच्या रेडिओवर फोन करणाऱ्यांची रांग लागायची. नमुना पाठ करून ठेवा, कुठल्याही वर्षी चालतो: "बरीच वर्षं कार्यक्रम ऐकतोय, फोन आज पहिल्यांदाच करतोय. जिंकल्याचा आनंद आहेच. फक्त चार मुद्दे." त्यानंतरचे चार मुद्दे सतरा मिनिटं चालले पाहिजेत.

पण परीक्षेला हमखास येणारा सामना पुढचा. २८ मार्च २०१५, राष्ट्रीय स्पर्धा, क्लीव्हलंड, समोर नोत्र दाम. हरलो तर घरी. शेवटचे नऊच्या नऊ शॉट केंटकीने आत घातले. कार्ल-अँथनी टाउन्सने २५ गुण केले. सहा सेकंद राहिले असताना अँड्र्यू हॅरिसनने दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे एकेका गुणाचे मोकळे शॉट) टाकले, दोन्ही आत. नोत्र दामच्या जेरियन ग्रँटचा शेवटचा लांबचा प्रयत्न हुकला. ६८-६६. टीम ३८-०.

यात नाराजी कुठे कुठे आहे ते बघा. टाउन्सने २५ केले, तर मग चेंडू त्याच्याकडे सुरुवातीपासून का दिला नाही? नऊच्या नऊ आत गेले, याचा अर्थ आधी मुलं झोपली होती. ग्रँटचा शॉट हुकला तो त्याच्यामुळे, आपल्यामुळे नव्हे. (त्याच्या तोंडासमोर सात फुटी विली कॉली-स्टाइन हात वर करून धावत होता, हे सांगायचं नाही. मुद्दा कमजोर होतो.) आणि फ्री थ्रो? ते बरोबर गेले, त्यामुळे त्यांच्याबद्दल मौन.

फ्री थ्रो हे प्रकरण जरा सविस्तर घ्यायला हवं, कारण चाहत्याचा निम्मा संसार त्यावर चालतो. पंधरा फुटांवरून, समोर कुणीही नसताना, आरामात टाकायचा चेंडू. कॉलेजच्या पातळीवर वर्षानुवर्षं दहापैकी साधारण सात आत जातात. म्हणजे तीन चुकणं हा निसर्गनियम आहे. तुम्हाला तो माहीत नाही. तुमच्या मते प्रत्येक चुकलेला फ्री थ्रो हा संस्कारांचा प्रश्न आहे. चुकला रे चुकला की डोकं धरून खुर्चीत मागे टेकायचं आणि "फुकटचे गुण असतात हे!" असं शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचं. तो तेच तुम्हाला सांगत असेल. हरकत नाही, दोघांनी एकदम बोललेलं चालतं. मात्र शेजारच्या शाळेत रविवारी पोरांबरोबर तुम्ही स्वतः टाकून बघायला जाऊ नका. ज्ञानाला धक्का पोचतो.

कोचचा विषय सोपा आहे. टाइमआउट घेतला तर घाबरला, नाही घेतला तर झोपला. बदली खेळाडू आणला तर लय तोडली, नाही आणला तर पोरं दमवली. २०१९ मध्ये कॅलिपारींशी दहा वर्षांचा ८.६ कोटी डॉलरचा करार झाला, तेव्हापासून तर प्रत्येक टाइमआउटची किंमत काढता येऊ लागली. २०२४ मध्ये ओकलंडसारख्या छोट्या कॉलेजने स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत ८०-७६ ने घरी पाठवलं. त्यांच्या जॅक गोल्कीने दहा थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून टाकलेले तीन-तीन गुणांचे शॉट, आत घातले. त्या रात्री अख्ख्या राज्याला कॅलिपारी नको होते. पण काढायचं तर तीन कोटींहून जास्त डॉलर मोजावे लागणार होते. पुढच्या महिन्यात ते आपण होऊन अर्कन्सो विद्यापीठाचे कोच म्हणून निघून गेले. फुकटात सुटका! ज्यांनी जा-जा म्हटलं होतं, तेच मग "असा कसा सोडून गेला" म्हणून दुखावले. १ फेब्रुवारी २०२५ ला ते पाहुणे म्हणून रप अरीनात आले, लोकांनी हुर्यो केली, आणि ते ८९-७९ ने जिंकून गेले. त्यांच्या जागी आलेले मार्क पोप १९९६ च्या विजेत्या टीमचे कप्तान. नाव जाहीर झालं तेव्हा कपाळाला आठ्या, आणि चार दिवसांत त्यांच्या स्वागताला रप अरीना फुल. यात विसंगती दिसत असेल तर तुम्ही अजून विद्यार्थीच आहात.

याहून जुनं, आणि माझ्या मते सर्वांत शुद्ध, उदाहरण कोच टबी स्मिथ यांचं. १९९७ ला आले, पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद. दहा वर्षं राहिले, दहाही वर्षं टीमला राष्ट्रीय स्पर्धेत नेलं. २६३ जिंकले, ८३ हरले. एका वर्षी तर लागोपाठ २६ सामने जिंकले. लोकांनी प्रेमाने नाव ठेवलं 'टेन-लॉस टबी', कारण काही सीझनमध्ये पराभवांचा आकडा दहावर गेला. बिचारे २००७ मध्ये मिनेसोटाला गेले. नवीन कोच बिली गिलिस्पी आले, आणि त्यांच्या दुसऱ्याच सामन्यात गार्डनर-वेब नावाच्या, नकाशात शोधावं लागेल अशा कॉलेजने रप अरीनात येऊन ८४-६८ ने धुतलं. २००९ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेचं निमंत्रणच आलं नाही. दोन वर्षांत गिलिस्पी गेले. टबींच्या काळात रेडिओवर फोन करणाऱ्या एकानेही या गोष्टीचा संबंध आपल्या फोनशी जोडला नाही, आणि ते बरोबरच आहे. चाहता फक्त सल्ला देतो. जबाबदारी घेण्याचा पगार त्याला मिळत नाही.

चर्चा कुठे अडकली, तर सरळ १९९२ काढा. तीही तारीख २८ मार्चच. फिलाडेल्फिया, ओव्हरटाइम, केंटकी एका गुणाने पुढे, उरलेत २.१ सेकंद. ड्यूकच्या ग्रँट हिलने मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चेंडू फेकला. फेकणाऱ्यासमोर केंटकीचे तेव्हाचे कोच रिक पिटिनो यांनी कुणाला उभंच केलं नव्हतं. क्रिस्टियन लेटनरने झेलला, एकदा टप्पा दिला, वळला, टाकला. १०४-१०३. त्या दिवशी त्याने दहापैकी दहा शॉट आणि दहापैकी दहा फ्री थ्रो आत घातले होते. तुमचा जन्म त्यानंतरचा असला, किंवा तेव्हा तुम्ही नाशकात दहावीची परीक्षा देत असलात, तरी "समोर कुणीतरी उभं करायला हवं होतं" हे वाक्य उसासा टाकून म्हणता आलं पाहिजे. एखाद्या नकोशा कार्यक्रमातून लवकर निघायचं असेल तरी ते उपयोगी पडतं. या गावात त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही.

आता खेळाडूंविषयी. ती एकोणीस-वीस वर्षांची मुलं आहेत. शाळा सुटून एक वर्ष झाल्याशिवाय एनबीए घेत नाही, म्हणून त्यांतले बरेचसे एका वर्षापुरते पाहुणे. २०१५ च्या त्या टीममधली सहा जणं एनबीएच्या एकाच ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, उचलली गेली, टाउन्स तर पहिल्याच क्रमांकावर. २०२१ पर्यंत या मुलांना स्वतःच्या नावावर एक डॉलर कमवायला बंदी होती, तेव्हा म्हणायचं, "शिष्यवृत्ती मिळतेय ना फुकट?" आता पैसे मिळतात, तेव्हा म्हणायचं, "एवढे पैसे घेऊन फ्री थ्रो टाकता येत नाही?" जिंकल्यावर 'आमची पोरं', हरल्यावर 'कॅलिपारीची पोरं'. आपल्या घरातला तेवढ्याच वयाचा मुलगा दुपारी एकला उठतो, हा विषय वेगळा.

आकडेवारी बाळगा, पण बेताची. केन पॉमरॉय नावाचे गृहस्थ कॉलेज बास्केटबॉलची मोजणी करतात, आणि त्यांच्या तक्त्यात चक्क 'लक' नावाचा एक रकाना आहे. गुणांच्या हिशेबाने टीमने किती सामने जिंकायला हवे होते आणि प्रत्यक्षात किती जिंकले, यातला फरक त्यात असतो. निसटत्या सामन्यांत नशिबाचा हात मोठा, असं हा माणूस आकड्यांत मांडतो. धोकादायक रकाना आहे. तो मान्य केला तर कोचला शिव्या देता येत नाहीत, पोरांच्या जिगरीवर भाषण देता येत नाही, कार्यक्रमच संपतो. समोरची टीम निसटती जिंकली असेल तेव्हाच तो उघडा.

एवढी नाराजी साठवून मिळतं काय? मिळतं. ४ एप्रिल २०१५, इंडियानापोलिस. विस्कॉन्सिनने ७१-६४ ने हरवलं, सीझन ३८-१ वर संपला, आणि १९७६ च्या इंडियानानंतर अपराजित विजेता व्हायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. त्या रात्री लेक्सिंग्टनमध्ये लोक खरोखर रडले. पण जानेवारीपासून फोन करणारे मात्र ताठ मानेने झोपायला गेले. अडतीस वेळा खोटं ठरलेलं भाकीत एकोणचाळिसाव्या खेपेला खरं झालं होतं. "मी ओल मिसच्या वेळीच म्हटलं होतं," हे वाक्य उच्चारण्यासाठी माणूस तीन महिने कळ काढतो.

राहता राहिला एक अवघड प्रसंग, आणि तो तुमच्यावर येणारच: टीम खरोखरच धुव्वा उडवून जिंकते तेव्हा काय करायचं? घाबरू नका. याच सीझनच्या डिसेंबरात शिकागोत यूसीएलएविरुद्ध सुरुवातच २४-० अशी झाली. हाफटाइमला ४१-७. शेवटी ८३-४४. अशा वेळी ओठ किंचित मुडपायचे आणि म्हणायचं, "हो, पण यूसीएलए यंदा कामातून गेलीय." त्याच यूसीएलएने मार्चमध्ये देशातल्या शेवटच्या सोळांत धडक मारली. ते तुमच्या लक्षात कुणी आणून देणार नाही. तोवर सगळे एलएसयूच्या सामन्यावर नाराज असतात.