ब्रेक लागला, पक्षी उडाला

सायकलवरून पक्षी बघायचे, हा बेत ऐकायला फार गोड. पण सायकलला थांबवत नाही आणि पक्ष्याला आपण थांबलेलं खपत नाही. त्या दोघांच्या भांडणात आपण मधल्यामध्ये.

हिवाळ्यात मुळा-मुठेकाठी कवडीपाटला जायचं तर पुण्यातून निघायचं पूर्वेकडे, म्हणजे सकाळचं ऊन थेट डोळ्यांत. अशा उजेडात नारिंगी चक्रवाक काळा, पाणकावळा काळा आणि कावळा तर काळाच. म्हणून पक्ष्यांना ओलांडून पुढे जावं, सूर्य पाठीशी घ्यावा आणि मग वळून बघावं.

ओलांडायचं आणखी एक कारण म्हणजे ब्रेक. चालत्या सायकलला शेकाट्या बहुधा म्हैस समजतो. चिखलातली चोच वर काढत नाही. पण पायडल थांबलं की फ्रीव्हीलची कटकट, मग ब्रेकची किंकाळी, मग टिटवी! ती एकदा ओरडली की अख्ख्या नदीला बातमी. तेव्हा हलकं पायडल मारत वीस-पंचवीस पावलं पुढे जाऊन उतरायचं.

दुर्बीण ८ बाय ४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरे. दहापटवालीत पक्ष्याबरोबर आपली धापही दहापट होते. दोन मिनिटं श्वास बसू द्यावा, कोपर सीटवर टेकवावं. तोवर पक्षी थांबला तर त्याची कृपा.

झाडं त्या मानाने सज्जन. उंबर उडून जात नाही. वाळुंजाचं पान लांबुळकं, खालून पांढुरकं; अर्जुनाच्या पानाच्या बुडाशी दोन बारीक गाठी. बाभूळ मात्र स्वतःहून ओळख करून देते. काटे जोडीने येतात, टायरला एक पुरतो.

सायकल उलटी करा, ट्यूब काढा, भोक शोधा. पण पॅच लावण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढा, नाहीतर तोच काटा दुसरं पंक्चर करतो. बोट हळू फिरवा. काट्याला टायर आणि बोट सारखंच. ट्यूब कानशीने घासून सोल्युशन लावलं की पाच मिनिटं हात बांधून बसायचं. ओल्या सोल्युशनवरचा पॅच पुढच्या वळणापर्यंतही टिकत नाही.

आणि नेमका तेव्हाच, आपण इतके गप्प बसलोय म्हटल्यावर, खंड्या डोक्यावरच्या फांदीवर येऊन बसतो. निळी पाठ, लाल चोच, दुर्बिणीचीही गरज नाही.

तसंही ती पिशवीत असते, पिशवी उलट्या सायकलखाली, आणि आपली दहाही बोटं एकमेकांना चिकटलेली.